कण्या पाहुण्यांना वाढत नाहीत

यवतमाळहून परतल्यापासून भेटेल तो आवाज खाली आणून विचारतो, "कसं आहे हो तिकडे?" विचारणाऱ्याचा चेहरा आधीच सुतकी झालेला असतो. त्याचा तरी काय दोष? गेली काही वर्षं आमच्या चिपळुणात येणाऱ्या वर्तमानपत्रात यवतमाळचं नाव दिसलं की पुढचं वाक्य वाचायच्या आधीच पान उलटावंसं वाटतं. कापसाचं जे झालंय ते खोटं नाही, आणि मी ते पाहिलं नाही असंही नाही. पण मी तिथे पोट दुखेपर्यंत हसले, असं सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी मयताच्या घरी जाऊन शिरा मागितला. तेव्हा तोंडी सांगायचं सोडून लिहूनच काढते. सुतकी चेहरा ज्यांना हवा असेल त्यांनी इथेच थांबावं.

जाण्याचं कारण कुसुम. मी कॉलेजात आहारशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर पुण्यात बचत गटांच्या बायकांचं एक शिबिर होतं, तिथे बोलायला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत एक उंच, सावळी, ठसठशीत कुंकवाची बाई ताट घेऊन माझ्या शेजारी बसली आणि ताक संपेपर्यंत ज्वारीवर बोलत राहिली. तीच कुसुम. गाव यवतमाळ जिल्ह्यात, मुकुटबनच्या अलीकडे, झरी भागात. बायका तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या त्यावरून ही त्यांची म्होरकी, हे सांगायला नको होतं.

तिची गोष्ट थोडक्यात अशी. पूर्वी त्यांच्या गावात कापूस होता तशी ज्वारीही होती. मग रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळायला लागला, कापसाचं नवं बियाणं आलं, आणि बांधापासून बांधापर्यंत नुसती पऱ्हाटीच उभी राहिली. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. कापसाचं बिनसलं की घरात मूठभर दाणा नाही, अशी गत. अंगणवाडीत लेकरांसाठी बाहेरून पाकिटं येत, ती लेकरं तोंडात धरत नसत. पण आता सरकारचं धोरण बदललं होतं. पाकिटांऐवजी गावातल्याच बायकांच्या गटाने ताजं अन्न शिजवून द्यावं, आणि गावात पिकतं ते धान्य वापरलं तरी चालेल, असं ठरलं होतं. बाकीच्यांनी त्यातलं 'द्यावं' वाचलं. कुसुमने 'चालेल' घट्ट धरून ठेवलं. तिच्या गटाने लेकरांना ज्वारीच्या कण्या द्यायचं ठरवलं. कण्या म्हणजे जाडसर भरडलेली ज्वारी. भातासारखी मऊ शिजवायची, वर वरण किंवा ताक घ्यायचं.

अर्ज केला खरा, पण ज्वारी हवी ना! म्हणून गटातल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडून कपाशीच्या मधले थोडे तास, म्हणजे ओळी, ज्वारीसाठी मागून घेतले. पुरुषांनी एक अट घातली. अंगणवाडीने ज्वारी घेतली तर पुढच्या वर्षीही तास मिळतील. नाही घेतली तर सगळं वावर पुन्हा कापसाचं, आणि हा विषय घरात पुन्हा निघणार नाही.

दिवाळी झाल्यावर कुसुमचा फोन आला. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"ताई, अंगणवाडीच्या हापिसातल्या मॅडम येऊन राह्यल्या. चाखून पाहून मंजुरी देतो म्हणतात. तुमी चार दिवस आधी या. बाकी काई नाई, तुमी सोबत असल्या तं आमाले धीर येईन."

मुलगा म्हणाला, "आई, आत्ता तिकडे?" मी बॅग भरली.

पांढरकवडा

गाडी, मग बस, मग दुसरी बस. त्याबद्दल एवढंच सांगते की मी पोचले. पांढरकवड्याचा स्टँड हैदराबादच्या हमरस्त्याला लागून आहे. रस्त्यावर ट्रक, ट्रकांमागे कापसाने फुगलेल्या गाड्या, आणि वाऱ्याने उडून झाडाझुडपांना अडकलेला कापूस. आमच्याकडे अशी बाभूळ दिसली असती तर कुणीतरी गादी फाडली म्हटलं असतं.

मी बॅग धरून उभी असताना दाढीतून हसणारे एक गृहस्थ समोर आले.

"कोकनातल्या बाई तुमीच न?"

"हो. कसं ओळखलंत?"

"वहिनीनं सांगतलं होतं. चष्मा अन् जरासं रागीट तोंड. लगेच वळखलं."

हे शब्बीरभाई. कुसुमच्या गावात त्यांची पिठाची चक्की आहे. ते मला घ्यायला आले होते ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी त्यांच्या पायाशी गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. चक्कीचा दगड! कण्या पाडायला वेगळा दगड लागतो, पिठाच्या दगडाने ज्वारीचं पीठच होतं. म्हणून जुना, अडगळीतला दगड त्यांनी टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून, आणला होता. मंजुरीचा पत्ता नाही आणि या माणसाने दगड तयार ठेवला, हे मला फार आवडलं.

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ड्रायव्हरने दगडाला खिडकीजवळची जागा दिली आणि मला दगडाजवळची. मी तोंड वाकडं केलं असणार, कारण शब्बीरभाई समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमी अन् दगड, दोघंबी वहिनीचेच पाव्हणे. कोनाले टाकू सांगा!"

निघण्याआधी त्यांनी मला तर्री-पोहे खायला घातले. पोहे म्हणजे कोथिंबीर-खोबऱ्याचा हळवा प्रकार, अशी माझी आयुष्यभराची समजूत होती. इथे त्यावर चण्याचा लालभडक, तेल तरंगणारा रस्सा ओततात. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. दुसरी बशी मी स्वतः मागितली.

गाव

कुसुमच्या अंगणात पोचले तेव्हा गटातल्या बायका ओसरीवर ओळीने बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे पंचफुलाबाई. ठेंगणी, गोलमटोल, नाकात मोठी फुली, आणि आवाज असा की पलीकडच्या वावरातली म्हैस मान वर करते. गट चालवते कुसुम, पण गटाचा स्वयंपाक चालवते पंचफुलाबाई. तिथे कुसुमचंही काही चालत नाही.

इथल्या बायका 'मी करतो, मी जातो' असं बोलतात. पहिल्या दिवशी मला ते कानाला खटकलं, चौथ्या दिवशी मी स्वतःच "मी येतो" म्हणून गेले आणि अख्ख्या ओसरीने टाळ्या पिटल्या.

ताटात पाटवडीचा रस्सा होता, वांग्याची भाजी होती, पुऱ्या होत्या, आणि भाताचा डोंगर. रात्री पुन्हा भात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भात. मी कोकणातली, भात मला नवा नाही. मी इतक्या लांब ज्वारीसाठी आले होते! शेवटी मी कुसुमला हळूच म्हटलं, "अगं, मला भाकरी तरी दे."

पंचफुलाबाईने ऐकलंच. "भाकर देतो न ताई. भाकर गरमागरम देतो."

"आणि कण्या?"

तिने पदर तोंडाला लावला. बाकीच्या बायकाही एकमेकींकडे बघून हसल्या. "कण्या कायले जी? कण्या घरच्या मानसाच्या. पाव्हण्याले कोनी कण्या वाढते काय?"

मला वाटलं ही थट्टा आहे. तो इथला पक्का रिवाज आहे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कुसुमलाही कळायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात सकाळ-संध्याकाळ कागद, शिक्के आणि मॅडम एवढंच फिरत होतं.

वावर

दुसऱ्या दिवशी कुसुमने मला वावरात नेलं. आमच्याकडची शेती म्हणजे डोंगराच्या कुशीत रुमाल वाळत घातल्यासारखे तुकडे. इथे काळी माती नजर पोचेल तिथपर्यंत सपाट पसरलेली. पऱ्हाटीची बोंडं फुटून रान पांढरं झालेलं, मधूनमधून तुरीची हिरवी ओळ, आणि कुसुमचे ज्वारीचे तास डोक्याच्याही वर गेलेले. आधी पेरलेली ज्वारी निघाली होती, मागून पेरलेली उभी होती. कणसं दाण्याने भरलेली, आणि कणसांवर पाखरं.

"उरलीसुरली जवारी समद्याईनं सोडली थे याच पाखराईपायी," कुसुमचे यजमान नामदेवराव म्हणाले. ते फारसं बोलत नाहीत. त्यांच्या हातात प्लास्टिकची पन्नी असते, तिच्यात खर्रा असतो, आणि तो चोळत चोळत ते बोलायची वेळ टाळत असतात. मी पहिल्याच दिवशी त्यांना तंबाखू-सुपारीवर माझं कॉलेजातलं भाषण ऐकवलं. त्यांनी सगळं आदराने ऐकून घेतलं आणि मग खर्रा तोंडात टाकला.

कुसुमने उलगडून सांगितलं. "एकट्यानं जवारी पेरली ताई, तं साऱ्या शिवारातले पाखरं त्याच्याच वावरात जेवाले येतात. त्याचं पाहून दुसरा सोडते, मंग तिसरा. मनून म्या काय केलं, लागून लागून ज्याईचे वावर हायेत त्या समद्या बायाईले एका जागी बसवलं. मनलं, पेराची तं समद्याईनं पेरा, नाई तं कोनीच नको. मंग पाखराईचा वाटा बी समद्यात वाटून जाते."

मी अनेक पुढारी पाहिले आहेत. पाखरांचा वाटा आधी धरून हिशेब मांडणारी ही पहिलीच.

मचाणावर गोफण होती. मला लहानपणापासून गोफण फिरवायची हौस, आणि आमच्या घरात मुलींना ती कधी मिळाली नाही. मी हट्टच धरला. नामदेवरावांनी खडा लावून दिला, मनगट कसं फिरवायचं दाखवलं. मी डोळे मिटून गरागरा फिरवली आणि सोडली. पाखरं जागची हलली नाहीत. मागून मात्र 'फट्' असा आवाज आला. बांधावर सावलीत ठेवलेलं पाण्याचं मडकं फुटलं होतं आणि पाणी भुईत जिरत होतं.

नामदेवरावांनी मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई," ते शांतपणे म्हणाले, "पाखरं समोर हायेत जी."

कुसुम बांधावर मांडी घालून बसली आणि हसत सुटली. त्या हसण्यानेच पाखरं उडाली.

परतताना मात्र ती एकेक कणीस चाचपत मागे मागे राहत होती. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "मॅडम नाई म्हनल्या न ताई, तं हे तास गेले. हे वाईट मानूस नाई, पन यायले बी चार मानसात बोललेला शब्द हाय. एकडाव गेले तं मी जल्मात परत मागू शकत नाई." मी नामदेवरावांच्या पाठीकडे बघितलं. ते पुढे बैल घेऊन चालले होते.

चक्की

मॅडम यायच्या आदल्या दिवशी शब्बीरभाईंनी तो कण्यांचा दगड बसवला. चक्की अंगणवाडीला लागूनच, मध्ये नुसती कुडाची भिंत. पट्टा सुरू झाला, ज्वारी पडली आणि खालून आलं ते थेट पीठ. शब्बीरभाईंनी दगड सैल केला. आता ज्वारी जशी गेली तशी खाली आली. पुन्हा कसला. मग एकदाची खाली खरखरीत, पिवळसर, साखरेच्या दाण्याएवढी कणी पडायला लागली आणि त्यांनी ती ओंजळीत घेऊन साऱ्या बायकांना प्रसादासारखी दाखवली.

"देखो वहिनी! माह्या अब्बाच्या टायमाले अशी कणी पडे. लई सालानं पाहून राह्यलो."

पंचफुलाबाईने तिथेच चूल मांडून थोड्या कण्या शिजवल्या. अंगणवाडीच्या चार पोरी वास काढत आल्या आणि तिथल्या तिथे ताटली चाटून गेल्या. मी चमचा पुढे केला तर पंचफुलाबाईने भांडं पाठीमागे घेतलं. मला राग आला, आणि हसूही आलं. अखेर कुसुमने मागच्या दाराने मला वाटीभर कण्या ताक घालून आणून दिल्या. मऊ, किंचित गोडसर, तोंडात दाणा लागत राहणाऱ्या. आयुष्यभर मी वर्गात फळ्यावर पोषणमूल्यं लिहिली, पण मागच्या दाराशी उभं राहून चोरून खाताना ती जितकी पटली तितकी कधीच पटली नव्हती.

मॅडमचा दिवस

सकाळी कुसुम मॅडमना घ्यायला फाट्यावर गेली, कारण आतला रस्ता नव्या माणसाला सापडत नाही. जाताना पंचफुलाबाईला सांगून गेली: कण्या, वरण, अंबाडीची भाजी. बस्स. पंचफुलाबाईने मान डोलावली आणि लगोलग मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, लेकरांपुरत्या आणि मॅडमपुरत्या कण्या शिजवून ठेवल्या. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग अंगणवाडी सारवून झाली. दारात रांगोळी आली, खुर्चीवर सतरंजी आली, टेबलावर कुणाच्या तरी लग्नातला फुलदाणीचा आहेर आला. एवढं सजल्यावर पंचफुलाबाई मधोमध उभी राहिली, रांगोळीकडे बघितलं, गंजाकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

"बाया हो," ती म्हणाली, "साहेबीन बाई येऊन राह्यली. तिच्या ताटात कण्या वाढाच्या? गावाची काय इज्जत राहीन?"

मी म्हटलं, "अहो पंचफुलाबाई, कण्यांसाठीच तर त्या येताहेत!"

"थे सरकारी काम हाय ताई. पन जेवाले बसली तं पाव्हणीच न थे?" मग तिने माझ्यावर डोळे रोखले. "तुमच्या कोकनात पाव्हण्याले पेज वाढता काय तुमी?"

पेज! आमच्या घरी पाहुणा आला की पेजेचं पातेलं आई पदराखाली धरून माजघरात पळवत असे. माझं गप्प बसणं म्हणजे कौल लागला असं त्यांनी धरलं.

मग काय विचारता! एका घरून बारीक तांदूळ आला, दुसऱ्या घरून कणीक, तिसऱ्या घरून साजूक तूप. पुऱ्या फुगायला लागल्या, पाटवड्या थापल्या गेल्या, शिऱ्याचा वास सुटला. ज्या बायकांनी ज्वारीसाठी वर्षभर घरोघरी वाद घातले, त्याच बायका आता जीव तोडून ज्वारी लपवत होत्या. कण्यांचा गंज दोघींनी उचलून कुडापलीकडे चक्कीत नेला. रांगोळी मोडू नये म्हणून लेकरांनाही तिकडेच पिटाळलं. "शब्बीरभाऊ, हे जरा सांभाळजा," एवढं सांगून त्या परत आल्या. गंज आणि लेकरं एकाच खोलीत ठेवली, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मॅडम आल्या. चाळिशीच्या, कडक इस्त्रीची साडी, हातात फाईल, चेहऱ्यावर 'अजून पुष्कळ गावं करायची आहेत'. कुसुम त्यांच्यामागून आत आली आणि टेबलावरचं ताट बघून दारातच थिजली. पंचफुलाबाईने तिला डोळ्यांनीच दटावलं.

मॅडमनी पुरी मोडून बघितली. "हे तुम्ही मुलांना रोज देणार?"

"नाई जी!" पंचफुलाबाई अभिमानाने म्हणाली. "हे खास तुमच्यासाठी. लेकराईले तं कण्या."

"मग मला कण्याच दाखवा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

मॅडमनी ताट बाजूला सारलं. "मी जेवायला आले नाही, बाई. मुलं काय खाणार ते बघायला आले. ते नसेल तर तसं लिहावं लागेल." आणि त्या उठल्याच. कुसुमचा रंग उडाला होता. मला तेव्हा वाटलं, झालं, एवढ्या बायकांचं वर्षभराचं सगळं एका पुरीपायी गेलं.

कुसुमने मात्र आवाज चढवला नाही. "पंचफुलाबाई, गंज कुठीसा हाय?"

पंचफुलाबाईने कुडाकडे बोट केलं.

आम्ही सगळ्या मॅडमच्या मागे चक्कीत गेलो. चक्की बंद होती. पिठाच्या धुरळ्यात लेकरं ओळीने बसली होती, कुणापुढे ताटली, कुणापुढे डब्याचं झाकण, एकापुढे तर चक्कीचं माप. गालापर्यंत कण्या माखलेल्या. शब्बीरभाई हातात डाव घेऊन मधोमध उभे. मॅडमना बघून त्यांनी डाव पाठीमागे लपवला.

"उरलंय का काही?" मॅडमनी विचारलं.

शब्बीरभाईंनी गंजात वाकून पाहिलं. "मॅडम, सच बोलतो. वहिनीनं सांभाळाले ठेवलं, अन् मीच लुटवलं. पोट्टे रडून राह्यले होते, अन् गंज समोर. दोन घास म्याबी खाल्ले." मग खालच्या आवाजात, "बुडाले खरवड हाय फक्त."

"खरवड नको जी!" पंचफुलाबाईने हात जोडले. कण्या वाढणंच जिथे अपमान, तिथे भांड्याच्या तळाची करपट खरवड म्हणजे तिच्या दृष्टीने जगबुडी होती. "मॅडम, हात जोडतो, उद्या परत शिजवतो, नाई तं आताच—"

"सरा बाजूले," कुसुम म्हणाली.

ती गंजाशी उकिडवी बसली. डाव घेऊन तळ खरवडला. तांबूस, कुरकुरीत पापुद्रा निघाला. तो तळहातावर घेऊन ती उभी राहिली आणि सरळ मॅडमच्या पुढे धरला.

"मॅडम, तुमी पाव्हणी मनून आल्या असान, तं तठी पुऱ्या हायेत. पोटभर जेवा, आमाले आनंद वाटन. अन् तपासाले आल्या असान, तं हे घ्या. लेकराईनं एवढंच ठेवलं."

मॅडमनी फाईल शब्बीरभाईंच्या हातात दिली आणि ज्वारीच्या पोत्यावर बसल्या. खरवड घेतली, एक तुकडा तोंडात टाकला. सगळी चक्की त्यांच्या जबड्याकडे बघत होती. एक चिमुरडी त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली आणि उरलेल्या तुकड्यावर नजर लावून म्हणाली, "थे माही हाय. खरवड माही असते."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं. मग तो मोडला आणि अर्धा तिला दिला. अर्धा मात्र सोडला नाही.

"चव चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मीठ थोडं जास्त पडलंय."

"मीठ म्या नाई टाकलं," पंचफुलाबाई ताबडतोब म्हणाली, आणि मी पहिल्यांदा मॅडमना हसताना पाहिलं. मग आम्ही सगळ्याच हसलो.

पण मॅडमनी फाईल परत घेतली तेव्हा त्या पुन्हा साहेबीण झाल्या होत्या. "मुलं खातात, हे दिसलं. पण तुमच्याकडे ज्वारी आहे ती या एका हंगामाची. पुढच्या वर्षी सगळ्यांनी पुन्हा कापूसच लावला, तर मी मुलांना काय देऊ? कुणाच्या तरी नावावर ही जबाबदारी लिहायला हवी."

गावातले पुरुष एव्हाना चक्कीच्या दारात जमले होते. मॅडमचं पेन आपोआप त्यांच्याकडे वळलं. सगळ्यांत पुढे नामदेवराव, हातात पन्नी.

"माह्या नावावर लिहा," कुसुम म्हणाली.

पेन परत वळलं. "शेत तुमच्या नावावर आहे?"

"नाई."

ती नवऱ्याकडे बघत नव्हती. तिने खाली, रिकाम्या गंजाकडे मान घातली होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. 'आधी मंजुरी, मग तास' ही चार माणसांत घातलेली अट आता चार माणसांतच मागे घ्यायची होती, आणि घेणारा माणूस बोलायला किती नाखूश, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं आता खर्रा तोंडात जाणार आणि सगळं तिथेच थांबणार.

नामदेवरावांनी पन्नीची घडी घातली. घसा साफ केला.

"तिचंच लिहा जी," ते म्हणाले. "पेरतानी तिफन मी हाकतो. बियानं तं तिच्याच मुठीतून पडते."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडचंबी तसंच लिहा." मग आणखी एक. मग दारातल्या सगळ्यांनी एकदमच बोलायला सुरुवात केली आणि मॅडम म्हणाल्या, "एकेक, एकेक," आणि पोत्यावर फाईल टेकवून लिहायला लागल्या. पंचफुलाबाई डोळे पुसत शब्बीरभाईंना दम देत होती की आता तरी तो डाव खाली ठेवा.

कुसुमने मान वर केली. हाताला खरवड लागलेली, आणि चेहरा असा फुललेला की मी तो विसरणार नाही. तिने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐकलं न समद्याईनं? मंग पुढच्या साली तास दुप्पट!"

पुरुषांत एकदम चुळबुळ झाली. नामदेवरावांनी घाईघाईने पन्नी उघडून खर्रा तोंडात टाकला होता, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना. पण त्यांची मान हलली. ती होकाराचीच हलली, असं चक्कीतल्या आम्ही सगळ्या बायकांनी तिथल्या तिथे एकमताने ठरवून टाकलं, आणि मॅडमनी ते लिहूनही घेतलं.